कोटावरचं माप

श्रीराम देवस्थळींनी आयुष्यात मुलीसाठी एकही वस्तू नेमक्या मापाची आणली नाही. पहिली सायकल आणली, तिच्या पेडलपर्यंत पाय पोचायला पोरीला दोन वर्षं लागली. बुटांच्या पुढे कापूस कोंबावा लागे. बर्फातला कोट आणला तो तिसरीत, आणि नीट बसला सहावीत. "वाढत्या अंगाची आहे, होईल तिला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग ती वस्तू सरलाच्या शिलाई मशीनकडे येई. सरला बाही दुमडायची, कंबर आत घ्यायची, जास्तीचं कापड आतल्या बाजूला शिवून ठेवायची. कापायची मात्र कधीच नाही, कारण पुढच्या वर्षी उसवून सोडायचं असे. नवऱ्याने मोठं आणायचं आणि बायकोने ते आत घ्यायचं, असा ॲन आर्बरमधला त्यांचा तीस वर्षांचा संसार होता आणि तो झकास चालला होता.

यंदा मार्चमध्ये त्यांनी मुलीसाठी रायफल आणली.

मुलगी म्हणजे अंतरा. वय अठ्ठावीस, उंची पाच फूट एक इंच, तीही मोजताना जरा टाचा उचलून. इथल्याच विद्यापीठात ती वन्यप्राण्यांचं शिकली. आता पीएचडी करणार असं सगळे धरून चालले असताना ती उठून अलास्काला गेली आणि डेल नावाच्या शिकारी गाईडच्या कॅम्पवर तीन वर्षं पाठीवर सामान वाहत राहिली. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं की सरला सांगे, "वाइल्डलाइफमध्ये आहे." खोटं काहीच नव्हतं त्यात. पण यंदा अंतराला असिस्टंट गाईडचं लायसन्स मिळालं आणि सरलाची झोप उडाली.

कारण काम असं होतं. लोक लांबून तिथे तपकिरी अस्वलाच्या शिकारीला येतात. सरकार परवाने मोजून देतं, शिकार कायद्याने होते, पण अस्वलाला कायदा माहीत नसतो. हजार पौंडांचं ते जनावर नुसतं जखमी झालं आणि उलटून अंगावर आलं, तर शिकारी आणि अस्वल यांच्यामध्ये गाईडने उभं राहायचं. म्हणजे अंतराने. डेलची त्याआधी एक परीक्षा असे. चाकांच्या गाड्यावर लाकडी अस्वल बांधून दोराने जोरात अंगावर ओढत आणायचं. तीस पावलांवरून ते येऊन पोचेपर्यंत तीन गोळ्या झाडायच्या, आणि त्यातल्या दोन तरी जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात लागल्या पाहिजेत. लागल्या तर शिकाऱ्याबरोबर जायचं. नाही लागल्या तर सगळा सीझन कॅम्पच्या किचनमध्ये.

किचन हा शब्द सरलाला इतका गोड यापूर्वी कधी लागला नव्हता.

परीक्षेला रायफल स्वतःची लागते म्हटल्यावर श्रीरामांनी काम अंगावर घेतलं. ते गाड्यांच्या कंपनीत ब्रेक डिपार्टमेंटमधून रिटायर झालेले. तीन दिवस ते डायनिंग टेबलवरून हलले नाहीत. एक्सेलमध्ये तेवीस रायफली आणि अकरा कॉलम: गोळीचं वजन, वेग, मार, नळीची लांबी आणि काय काय. सगळ्यात वर जी आली ती चारशे अठ्ठावन्न नंबरची, गवा-हत्तीसाठी बनवलेली.

"अहो, तिकडे हत्ती आहेत का?" सरलाने विचारलं.

"नाहीत. म्हणून तर एकदम सेफ," श्रीराम म्हणाले. "मोठंच घ्यावं. होईल तिला सवय."

अंतरा तेव्हा सुट्टीवर घरी आली होती. शुक्रवारी बापलेक जाऊन, कागदपत्रं अंतराच्या नावाने पुरी करून ते धूड घेऊन आले. शनिवारी अंतरा एकटी रेंजवर जाऊन वीस गोळ्या झाडून आली. "कशी आहे?" बाबांनी दारातच विचारलं. "सुपर्ब आहे, बाबा," ती म्हणाली. बाबांचा चेहरा असा फुलला की त्यांच्याकडे बघून कोणीही हेच म्हणालं असतं.

खरं काय ते संध्याकाळी सरलाला दिसलं. मामेबहिणीच्या लग्नासाठी ती अंतराला ब्लाउज घालून बघत होती. पोरीच्या उजव्या दंडावर, खांद्याच्या खाली, बाही जिथे जोडतात तिथे बशीएवढा काळानिळा डाग होता.

"हे काय गं?"

"नथिंग, आई. रिकॉइल. बंदूक मागे धक्का देते ना, तो. बाबांना सांगू नकोस, यार."

सरलाने बाबांना सांगितलं नाही. तिने डागावर हळद लावली आणि मनातल्या मनात तिला हायसं वाटलं. ही बंदूक पोरीला झेपत नाही. नापास होईल. किचनमध्ये राहील. असं वाटल्याची तिला लाज वाटली, पण वाटायचं ते वाटलंच.

रविवारी सकाळी तिघं अर्नीकडे निघाले. अर्नी हा जुना बंदूक-कारागीर. रायफलीवर दुर्बीण बसवून घ्यायची आणि काडतुसं निवडायची, असं ठरलं होतं. अंतराच्या आयुष्यात काहीही महत्त्वाचं असलं की निघताना तिच्या तळहातावर सरला दही-साखर ठेवत असे. बालवाडीच्या पहिल्या दिवसापासून, स्पेलिंगच्या स्पर्धेला, ड्रायव्हिंग टेस्टला, अलास्काच्या पहिल्या विमानालासुद्धा. आज तिने वाटी काढलीच नाही. अंतरा ओट्यापाशी जरा रेंगाळली, मग किल्ल्या उचलून बाहेर गेली.

अर्नीचं दुकान गावापासून वीस मैलांवर, कापणी झालेल्या मक्याच्या शेताला लागून होतं. मागे मातीचा उंच बांध घालून त्याने रेंज केली होती. अर्नी पंचाहत्तरीचा, सडसडीत, हातांना तेलाचा वास. सरला आत शिरली आणि तिला उगीचच ओळखीचं वाटलं. भिंतीवर हत्यारं टांगलेली, प्रत्येकाची जागा ठरलेली, फरशी स्वच्छ झाडलेली, आणि अर्धवट कामावर एक मऊ फडकं झाकलेलं. चांगल्या कारागिराचं दुकान कुठल्याही धंद्याचं असो, ते लगेच कळतं.

श्रीरामांनी एक्सेलची प्रिंट त्याच्यापुढे ठेवली. अर्नीने चष्मा लावून दोन्ही पानं अथपासून इतिपर्यंत वाचली आणि अजिबात हसला नाही. सरलाला तिथेच तो माणूस आवडला.

"गणित चोख आहे," तो म्हणाला. "फक्त ही रायफल कोण उचलणार, तो कॉलम नाहीये."

मग त्याने अंड्यांचा एक जुना पुठ्ठ्याचा ट्रे काढला. खळग्यांमध्ये अंड्यांऐवजी झाडून झालेल्या गोळ्या होत्या, जनावरांच्या अंगातून परत काढलेल्या. एका खळग्यात नुसता शिशाचा चुरा. "ही हरणाची गोळी. वेगवान, टोकदार. हरणाला उत्तम. पण अस्वलाच्या खांद्याचं हाड लागलं की आत पोचायच्या आधीच तुकडे होतात. वरवर मोठी जखम, आणि अस्वल चवताळलेलं." दुसऱ्या खळग्यातली गोळी पुढून अळंबीसारखी पसरली होती, पण अखंड होती. "ही जड, जाड सालीची. हाड मोडून पुढे जाते, सरळ जाते, आणि तुटत नाही. अंगावर येणाऱ्या जनावरासाठी मला एवढंच हवं."

श्रीरामांनी निवडलेली काडतुसं टोकदार होती, कारण वेगाच्या कॉलममध्ये ती पहिली आली होती. त्यांनी ती गुपचूप खिशात घातली. सरलाच्या मनात आलं, बरोबरच आहे, जीन्सला मलमलीची सुई लावली की मोडायचीच. पण ती काही बोलली नाही. ती बोलायला आलीच नव्हती, नापास होताना बघायला आली होती.

बाहेर रेंजवर बर्फाचे पांढरे तुकडे अजून पडून होते. सगळ्यांनी कानांवर जाड मफ चढवले. अर्नीने पाठ फिरवून रायफल भरली आणि अंतराच्या हातात दिली. पहिला बार झाला तेव्हा सरलाच्या बाकाची फळीसुद्धा हादरली. दुसराही तसाच. तिसऱ्या वेळी अंतराने चाप ओढला आणि नुसतं 'टक्' झालं.

बार नाही, धूर नाही. पण रायफलीचं तोंड वीतभर खाली गेलं होतं, अंतराचे डोळे गच्च मिटले होते आणि खांदा पुढे आला होता. त्या शांततेत चौघांनीही ते बघितलं. अर्नीने मुद्दाम एक खोटं काडतूस मधे भरलं होतं. बार झाला की धक्क्यामागे सगळं लपतं. बार नाही झाला की माणूस उघडा पडतो.

अंतराचे कान लाल झाले.

"लाज वाटायचं कारण नाही," अर्नी म्हणाला. "अंग स्वतःला वाचवायला बघतं. शहाणं अंग आहे तुझं. पण नेम वीतभर खाली गेला की अस्वलाच्या पायांमधून गोळी जाते."

"तू काल सुपर्ब म्हणालीस," श्रीराम हळूच म्हणाले. मग तिच्या खांद्याकडे बघून त्यांना काय ते कळलं. "माझंच चुकलं गं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य सरलाने फारसं ऐकलेलं नव्हतं.

अर्नीने आतून दुसरी रायफल आणली. तीनशे पंच्याहत्तर नंबरची, अक्रोडाच्या लाकडाच्या दस्त्याची. दस्ता म्हणजे मागचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकतो. "हिचा मार अस्वलाला पुरून उरतो, आणि धक्का सोसवेल असा. माझ्या हातची आहे. तीन माणसं ही घेऊन अलास्काला गेली, तिघंही धड परत आली." ती द्यायची आणि श्रीरामांचं धूड ठेवून घ्यायचं, असा सौदा तिथल्या तिथे ठरला. दुकानाच्या उबेत, स्वेटरवर, अर्नीने अंतराच्या कोपरापासून बोटापर्यंत दस्ता लावून बघितला. "फार नाही लांब. चालेल," तो म्हणाला.

आणि खरंच फरक पडला. रायफलीचं तोंड आता वीतभर जात नव्हतं, दोन बोटं जात होतं. पण जात होतं. पाचांपैकी तीन गोळ्या बांधावर लावलेल्या ताटाएवढ्या वर्तुळाबाहेर. पुन्हा पाच, पुन्हा दोन बाहेर. अर्नी हनुवटी खाजवत राहिला. "आणखी पंधरा दिवस सराव केला तर जमेल," तो शेवटी म्हणाला. अंतराचं विमान गुरुवारी होतं.

बाकावर बसलेल्या सरलाला मात्र सगळं दिसत होतं. तिला बंदुकीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण अंगावर वस्तू कशी बसते हे तिच्याइतकं कोणाला कळणार? बाहेरच्या थंडीत पोरीने जाड कोट चढवला होता. रायफल वर उचलताना दस्त्याची टाच दर वेळी कोटाच्या कापडात अडकत होती. मग ती मान मागे टाकून, हनुवटी ताणून नेम घेत होती. दस्ता खांद्याच्या खळगीत न बसता बाहेर घसरत होता, दंडावर, नेमका बाही जोडतात तिथे. काल तिथेच डाग होता. माप घेतलं होतं स्वेटरवर, आणि वस्तू वापरायची होती कोटावर. ब्लाउजच्या मापाने कोट शिवला तर जे होईल तेच इथे झालं होतं.

सरलाने थर्मास उघडला, सगळ्यांना चहा ओतला आणि तोंड बंद ठेवलं.

एवढंच करायचं होतं तिला. गप्प बसायचं. गुरुवारी पोर जाईल, परीक्षा नापास होईल, सीझनभर पॅनकेक करत बसेल आणि जिवंत परत येईल. सरलाने चहाचा घोट घेतला. उरलेला बर्फावर ओतून टाकला.

"एक विचारू?" अर्नीने कप हातात फिरवत अंतराला विचारलं. "तुला हे कशाला हवंय? शिकारीचा नाद दिसत नाही तुला."

"नाहीच," अंतरा म्हणाली. मग बाबांकडे वळून मराठीत बोलायला लागली, अर्नीसाठी मधेमधे इंग्रजीत. "लास्ट फॉलमध्ये एका क्लाएंटची गोळी अस्वलाच्या पोटात लागली. अस्वल झाडीत घुसलं. अशी दाट झाडी की हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. डेल म्हणाला, तू क्लाएंटबरोबर इथेच थांब. आणि तो एकटा आत गेला."

"मग तू थांबलीस," श्रीराम म्हणाले.

"नाही, बाबा. डेलला डाव्या कानाने ऐकू येत नाही. क्लाएंटला बोटीत बसवलं आणि मी त्याच्या मागे गेले."

"तुझ्याकडे बंदूक होती?"

"काठी होती. दोन तास आम्ही आत होतो, एकेक पाऊल टाकत. मग डावीकडे श्वास ऐकू आला. मी डेलच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. तो वळला आणि फायर केलं. अस्वल नऊ पावलांवर पडलं, मी नंतर मोजली. डेलने मला वाट्टेल तशा शिव्या दिल्या आणि मग रडला."

अर्नीने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आपण जखमी केलंय त्याला," अंतरा म्हणाली. "ते तिथे तडफडत असताना आपण इकडे डिनरला नाही बसू शकत. कोणीतरी आत जायलाच पाहिजे. इट्स नॉट अबाउट शूटिंग, बाबा."

"हे तू आम्हाला सांगितलं नाहीस."

"तुम्ही झोपला नसतात."

काठी! तिची पोर, जिच्या बुटात ती कापूस कोंबत असे, ती हातात काठी घेऊन जखमी अस्वलामागे झाडीत शिरली होती. का, तर एका म्हाताऱ्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून, आणि एक जनावर तडफडत होतं म्हणून. भीतीने तिच्या जिवाचं पाणी झालं, आणि त्याच वेळी ऊर असा भरून आला की तिला वाटलं, शेतात उभं राहून ओरडून सांगावं, ही माझी मुलगी आहे.

आणि एक गोष्ट तिला लख्ख कळली. ज्या किचनच्या भरवशावर ती बसली होती, त्या किचनमध्ये ही पोर राहणारच नव्हती. पुन्हा कोणी आत गेला की ही झारा खाली ठेवून त्याच्या मागे जाणार. रायफल असो की नसो. आपण गप्प बसलो तर पोर वाचत नाही, फक्त तिच्या हातातली रायफल जाते.

सरला उठली. पर्समधून टेप काढली.

"अंतरा, उभी राहा. कोट काढू नकोस."

"आई, व्हॉट आर यू डूइंग?"

"माप घेतेय. ही तुला लांब होतेय." मग ती अर्नीकडे वळली आणि आपल्या सावकाश इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही माप स्वेटरवर घेतलंत. ती वापरणार कोटावर. त्यावर रेनकोट, आणि पाठपिशवीचा पट्टा. माझ्याकडे कोणी कोट शिवायला आलं तर मी ब्लाउजवर माप घेत नाही."

तिने दस्ता पोरीच्या खांद्याला लावला, कुठे अडकतो ते बोटाने दाखवलं, मग कोटाच्या बाहीवर बोट ठेवून खालच्या काळ्यानिळ्या डागाची जागा दाखवली. अर्नी वाकून बघत राहिला. बघता बघता त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या.

"पन्नास वर्षं बंदुका करतोय," तो म्हणाला. "आणि स्टोव्ह पेटवून, उबेत बसून मापं घेतोय. मॅम, किती कमी करायचं?"

त्याने दस्त्याच्या टोकाचं रबर स्क्रू काढून उतरवलं आणि अंतराला रायफल तशीच खांद्याला लावायला सांगितली. सरलाने दोनदा मोजलं, एकदा पट्ट्यासह मोजलं, आणि पर्समधल्या खडूने लाकडावर रेघ ओढली. सव्वा इंच.

श्रीराम इतका वेळ मागे उभे होते. करवत बघून त्यांना राहवेना. "अगं, सव्वा? एक इंच करूया की. थोडं असू दे. असावं जरा जास्तीचं."

सरलाचा हात खडूसकट थांबला. तिलाही तेच वाटत होतं. इतक्या वर्षांत तिने या मुलीच्या कपड्यातलं बोटभर कापडही कापून टाकलं नव्हतं. सगळं आत दुमडून ठेवलं होतं, पुढे लागेल म्हणून. लाकूड दुमडता येत नाही. ते कापलं की गेलं.

"अहो, अठ्ठावीस वर्षांची आहे ती," सरला म्हणाली. "वाढायची ती वाढून झाली."

श्रीराम पुढे झाले आणि करवतीखाली दस्ता धरायला त्यांनी अर्नीला हात दिला.

लाकूड कापायला अर्धं मिनिट लागलं, कड घासून रबर परत बसवायला तासभर. त्या तासात अर्नीने एकही गोष्ट घाईने केली नाही आणि सरला त्याच्या हातांवरून नजर काढू शकली नाही. मग त्याने अंतराला डोळे मिटायला लावले. "मिटूनच खांद्याला लाव. आता उघड." तिने डोळे उघडले तेव्हा रायफलीचा नेम सरळ तिच्या नजरेसमोर होता, मान तसूभर हलवावी लागली नाही.

बाहेर पाचही गोळ्या वर्तुळात बसल्या. पुढच्या पाचांतही एकही बाहेर गेली नाही. त्यात चौथ्यांदा चाप ओढल्यावर 'टक्' झालं, आणि रायफल हलली नाही. पापणीसुद्धा लवली नाही. अंतरा तशीच उभी, पाय रोवून, गाल लाकडाला टेकवून, जिथे बघायचं तिथे बघत. ती पाच फूट एक इंचाची पोर सरलाला त्या क्षणी बांधापेक्षा उंच दिसली.

कापलेला लाकडाचा तुकडा अर्नीने फडक्याने पुसून सरलाच्या हातात दिला. "गुरुवारी तुमची मुलगी गेली की शुक्रवारी या," तो म्हणाला. "माझ्याकडे अजून चार जणांच्या रायफली पडून आहेत. मापं परत घ्यायला लागणार बहुतेक."

परीक्षेचं काय झालं ते सांगून टाकायला हरकत नाही. तिन्ही गोळ्या ताटाएवढ्या वर्तुळात लागल्या आणि डेलने रायफल हातात घेऊन विचारलं, "ही कोणी बसवली?" अंतराने सांगितलं, "माझ्या आईने. ती ब्लाउज शिवते." ते डेलला अजून नीट समजलेलं नाही. पण गोष्ट खरी संपते ती त्याआधी, गुरुवारी सकाळी.

श्रीराम गाडीत सामान चढवत होते. रायफल कुलुपाच्या पेटीत, काडतुसं वेगळी, सगळ्याची यादी त्यांच्या खिशात. अंतरा कोट घालून ओट्यापाशी आली. सरलाने दह्याची वाटी काढून ठेवली होती. तिने चमचाभर दही-साखर पोरीच्या तळहातावर ठेवली. अंतराने ती खाल्ली, पण हात मागे घेतला नाही.

"रविवारी नव्हतं दिलंस," ती म्हणाली.

सरलाच्या हातातला चमचा वाटीतच राहिला. "तुला कळलं?"

"आई, मला किंडरगार्टनपासून देतेयस. ऑफ कोर्स कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू देशील. कधीतरी." अंतराचे डोळे भरून आले होते, आणि नऊ पावलांवरून अस्वल बघितलेली ती मुलगी बाहीला नाक पुसत होती. "आणि टेप काढलीस ना तू."

बाहेर श्रीरामांनी हॉर्न वाजवला. सरलाने वाटीतून आणखी एक चमचा भरला, चांगला शिगोशीग, आणि पोरीच्या पुढे धरलेल्या तळहातावर ठेवला.

"हा रविवारचा," ती म्हणाली.